मुस्तेनं काय खाल्लं

मुस्ते, ऊठ. दाराशी नको पुन्हा,
तो गालिचा धुऊन धुऊन विरलाय.
चल बाहेर. हो, उणे सव्वीस आहे.
अंधार तर डिसेंबर लागल्यापासून आहेच;
सूर्य डोंगराआड दडून बसलाय
उधारी थकलेल्या गिऱ्हाइकासारखा.

उन्हाळ्यात तुझं तूच शोधायचीस औषध:
ओढ्याकाठचं लांब, करवती पात्याचं गवत,
मान वाकडी करून, दाढेखाली, मन लावून.
मग पिवळा फेस,
अंग एकदा झटकायचं, शेपटापर्यंत,
आणि संपलं. रेनडिअरांमागे पुन्हा धाव.
आता गवत कमरेएवढ्या बर्फाखाली.
आता मीच आहे फक्त.

इवालोचे डॉक्टर फोनवर म्हणाले,
हिरडी बोटानं दाबून बघा, आइली.
पांढरी होऊन परत गुलाबी होते?
होते.
पोट फुगलंय? रक्त?
नाही. नाही.
मग उद्या दुपारपर्यंत उपास. पाणी बशीनं, थोडं थोडं.
सकाळपर्यंत थांबलं नाही तर मात्र घेऊनच या,
रस्त्यावर कळप उतरलेत, गाडी सांभाळून.
आणि खाल्लं काय तिनं?
माहीत नाही, म्हटलं.

फडताळात कॉफीचा जुना डबा, त्यात वाळलेल्या निळ्या बेरी.
सासूबाई सांगायच्या,
ओल्या खाल्ल्या तर पोट सुटतं, वाळल्या खाल्ल्या तर बांधतं.
फळ तेच.
ऊन किती सोसलं, त्यावर स्वभाव.
मूठभर घातल्या पाण्यात, पातेलं चुलीवर,
पाणी जांभळं झालं, मग काळं.
डब्याच्या तळाशी ते मूळही होतं,
कापलं की आतून रक्तासारखं लाल निघणारं.
कुत्र्याला किती द्यायचं, आठवेना.
परत ठेवलं.
आठवत नसलेलं औषध देऊ नये.

रात्री तिसऱ्यांदा तू सरपणाच्या खोपीमागे वाकलीस.
मी टॉर्च धरला.
करडी लव. लाल लोकरीचा दोरा.
आणि अंगठा.
रेनडिअरच्या कातड्याच्या हातमोज्याचा अख्खा अंगठा.

खुंटीवरचा एक हातमोजा रविवारपासून दिसत नव्हता.
मला वाटलं, मीच कुठे ठेवून विसरले.
विसरण्याची साथ आहे आमच्या घरात.

रविवारी तुला नेलं होतं त्याला भेटवायला.
नर्सनं मागचं दार उघडून दिलं होतं, नियम मोडून.
तू त्याच्या मांडीवर दोन्ही पंजे ठेवलेस,
हनुवटी चाटलीस, कान, चष्मा.
ओउला हसला. तुझ्या कपाळावरून हात फिरवला,
अगदी त्याच जागी, जिथे तो नेहमी फिरवायचा.
हात विसरला नव्हता.
मग माझ्याकडे बघून अदबीनं विचारलं,
छान कुत्री आहे हो. कुणाची?

डॉक्टरांना आता सांगता येईल काय खाल्लंस.
हाय खाल्लीस तू, मुस्ते,
शिवणीसकट, लवेसकट.
मी तर ते वाक्य न चावता गिळलं,
आणि घरापर्यंत गाडी चालवत आले, ताशी साठनं.
तू निदान ओकलीस.

सकाळी थांबलं.
बेरीचं पाणी, कोमट, बशीत.
आधी तोंड फिरवलंस, मग माझ्यावर उपकार म्हणून प्यायलीस.
दुपारी तळ्यातल्या माशाचा काटे काढलेला तुकडा,
गिचका शिजवलेला भात, मीठ नाही,
दोन चमचे तुला.
उरलेलं मी पातेल्यातूनच खाल्लं, उभ्याउभ्या.
रविवारनंतरचं माझंही ते पहिलंच धड जेवण.
आरशात पाहिलं तर ओठ निळे:
तुझं पाणी मी कधी प्यायले कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी, खोपीमागेच,
दोन. काळपट निळे. घट्ट. वाफाळते.
मी टॉर्च धरून उभी राहिले त्यांच्यापाशी,
टोपी काढून, चर्चमध्ये काढावी तशी.
तू लाजून दुसरीकडे बघत होतीस.

उरलेला हातमोजा वरच्या खुंटीला टांगलाय.
तिथवर तुझं तोंड पोचत नाही.
माझं पोचतं.